बीपीएल कार्ड आहे, पण आम्ही आता तितके गरीब नाही. वडिलांचं ऑपरेशन त्यावर करावं का?

पत्र थोडक्यात असं: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले ४३ वर्षांचे एक वाचक लिहितात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, सहा कामगार, फौंड्रीवाल्यांचं जॉबवर्क. वडील ६६ वर्षांचे, जन्मभर भातशेती केलेले. पावसाळा संपता संपता चालताना त्यांच्या छातीत भरून यायला लागलं. अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि दोन महिन्यांच्या पुढं ढकलू नका म्हणाले. खाजगी हॉस्पिटलचा अंदाज साडेतीन लाखांचा आहे. घरात जुनं बीपीएल रेशन कार्ड आहे. ते काढलं तेव्हा परिस्थिती खरोखरच बेताची होती. आता मात्र हे वाचक जीएसटी भरतात, गेली काही वर्षं आयकरही भरतात. ओळखीचे म्हणतात, ‘कार्ड हाय न्हवं? मग रुपया लागत न्हाई, करून टाका.’ पत्नी म्हणते, ‘गरिबाच्या वाटणीचं घेऊ नका.’ वडील, म्हणजे आबा, म्हणतात, ‘सरकारच्या फुकटात मी ऑपरेशन करून घेणार नाही, खालचं एक एकर विका.’ पुण्यात आयटीत असलेला चुलतभाऊ म्हणतो, ‘आम्ही टॅक्स भरायचा आणि गावानं फुकट उपचार घ्यायचे, हे मुळातच चूक आहे. ज्यानं त्यानं आपलं बघावं.’ कोल्हापूरला दिलेली बहीण म्हणते, ‘आपलं गाव सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या योजनेत बसवू. नाहीतर माझ्या पत्त्यावर आबांचं कार्ड करू.’ वाचक विचारतात: मी कुणाचं ऐकू? आणि सरकारनं सगळ्यांना उपचार द्यावेत, हे बरोबर आहे का?

आधी तारीख ठरवा. पत्रात पाच माणसांची पाच मतं आहेत, पण ऑपरेशनच्या तारखेचा उल्लेख कुठंच नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटली. घरातला वाद मिटण्याची वाट बघत दोन महिने असेच निघून जातात. मधल्या काळात एखाद्या रात्री आबांच्या छातीत जोरात दुखायला लागलं, घाम फुटला, तर कार्डाचा रंग बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या ज्या मोठ्या दवाखान्यात हृदयाचा विभाग आहे तिथं न्या. तातडीच्या उपचारांना आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेतही रेफरल, म्हणजे आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी, लागत नाही. कलकत्त्यात १९९२ साली हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला जबर लागलेल्या अवस्थेत एकामागून एक सरकारी दवाखान्यांत गेला आणि कॉट नाही म्हणून परतवला गेला. त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी दवाखान्यानं तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या कलम २१ नं दिलेला जगण्याचा हक्क मोडणं. म्हणून, जीव धोक्यात असेल तेव्हा नीतीचा प्रश्न एकच, माणूस वाचवायचा. बाकी हिशेब नंतर करता येतात.

तुमच्या हातात मात्र वेळ आहे, म्हणून कार्डाचा हिशेब आत्ताच करू.

कर्नाटकात बीपीएल कार्डासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख २० हजार आहे, आणि आयकर भरणारं कुटुंब त्यात बसत नाही. तुम्ही आयकर भरता. इथं वेगळा अर्थ काढायला जागा उरत नाही. कुणीतरी तुम्हाला सुचवेलच, की आबा-आईचं कार्ड वेगळं करून घ्या, कागदावर विभक्त दाखवा. ते खरोखर वेगळे राहत असतील, त्यांची चूल वेगळी असेल, त्यांचा खर्च त्यांच्या शेतावर चालत असेल, तर ती खरी गोष्ट आहे आणि तसं लिहून द्यायला काहीच हरकत नाही. पण एका चुलीवर जेवून ऑपरेशनपुरतं विभक्त व्हायचं असेल, तर ते खोटं आहे. तुम्हाला ते आतून माहीत आहे, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत.

एवढं स्पष्ट बोलल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते. तुम्ही पत्रात स्वतःला ‘चोर’ म्हटलंय. तो शब्द मागं घ्या. कार्ड काढलंत तेव्हा माहिती खरी होती. पुढं धंद्यात जरा जम बसला, आणि कार्ड बदलायला कुणी सांगितलं नाही, तुम्हीही गेला नाहीत. अशी घरं बेळगाव जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत. त्याचं कारण फक्त माणसाचा लोभ आहे असं मला वाटत नाही. ती रेघ कशी आखली आहे ते बघा. वर्षाला १ लाख २० हजार म्हणजे महिन्याला दहा हजार. नवरा-बायको दोघंही रोजंदारीवर जात असतील तर एवढं उत्पन्न सहज ओलांडलं जातं, आणि तरी त्यांना कुणी श्रीमंत म्हणणार नाही. रेघेच्या आत असलेल्या कुटुंबाला आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. रेघेच्या एक हजार रुपये पलीकडं गेलेल्या कुटुंबाला त्याच योजनेत ठरलेल्या दराच्या फक्त ३० टक्के मदत. अशा रेघेजवळ राहणारा माणूस खरं सांगायला कचरतो, कारण खरं सांगितल्याची शिक्षा एखाद्या आजारपणात सगळं घर बुडवू शकते. २०२४ च्या नोव्हेंबरात राज्यात अपात्र बीपीएल कार्डं एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरची, करायची मोहीम निघाली, गावोगाव ओरड झाली, आणि शेवटी आयकर भरणारे आणि सरकारी नोकर सोडून बाकीच्यांची कार्डं परत द्यावी लागली. खरोखर गरीब कोण हे कागदावर ठरवणं किती अवघड आहे ते त्यात दिसलं. तेव्हा तुमच्या मनातल्या टोचणीतला थोडा भाग तुमचा आहे, तो तुम्ही कार्ड बदलून फेडा. उरलेला भाग त्या रेघेचा आहे, तो डोक्यावर घेऊ नका.

‘गरिबाच्या वाटणीचं घेऊ नका’ असं वहिनी म्हणतात, ते कितपत खरं आहे? बऱ्यापैकी खरं आहे. ‘सरकारकडं काय कमी आहे’ असं आपण म्हणतो, पण योजनेचा पैसा मोजका असतो. हॉस्पिटलची बिलं सरकारकडून उशिरा निघतात, मग काही हॉस्पिटलं योजनेतल्या रुग्णांना पुढच्या तारखा देत राहतात. त्या रांगेत तुमच्या आबांच्या मागं कणकुंबी-जांबोटीकडच्या डोंगरपट्ट्यातला एखादा मजूर उभा असेल, तर त्याला उद्यमबागेत वर्कशॉप असलेला मुलगा नाही. वहिनींना तो माणूस न बघता दिसला. माझ्या मते तुमच्या घरात त्यांचं म्हणणं सगळ्यात नेमकं आहे.

आता पुण्याच्या भावाचं. त्यांचं मत त्यांच्या एकट्याचं नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं ते ऐकू येतं, म्हणून त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

‘ज्यानं त्यानं आपलं बघावं’ हे घर बांधण्याला, गाडी घेण्याला, मुलीच्या लग्नाला लागू पडतं. तिथं माणसाला खर्च आधी दिसतो, पेलेल तेवढा करता येतो, नाही झेपला तर पुढं ढकलता येतो. आजारपणात यातलं काहीच हातात नसतं. तिन्ही रक्तवाहिन्या बंद होतील हे आबांना तिशीत कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता ‘दोनच उघडा, तिसरी पुढच्या सुगीला’ असं म्हणता येत नाही. किती खर्च लागेल हे ज्याला पैसे द्यायचे त्याला कळत नाही, ज्याला पैसे मिळायचे त्यालाच कळतं. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञानं १९६३ सालीच हे मांडलं होतं, की उपचारांचा बाजार बाकीच्या बाजारांसारखा चालत नाही तो याच अनिश्चिततेमुळं. काटकसर करणारा, निर्व्यसनी, कष्टाळू माणूसही एका आजारात उघडा पडतो. अशा वेळी ‘त्यानं साठवायला हवं होतं’ म्हणणं मला कठोर वाटतं, आणि शिवाय चुकीचंही वाटतं, कारण कितीही साठवलं तरी ते पुरेल याची खात्री खुद्द भावालाही देता येणार नाही. त्यांच्याकडं कंपनीचा मेडिक्लेम आहे म्हणून ते निर्धास्त आहेत. मेडिक्लेम म्हणजे तरी काय, ज्यांना काही झालं नाही त्यांच्या पैशातून ज्याला झालं त्याचं बिल भरणं. कंपनीतल्या चारशे जणांनी मिळून केलं तर ते शहाणपण, आणि सगळ्या राज्यानं मिळून केलं तर आयतेपण, हा फरक मला पटत नाही.

आणि टॅक्सचं. आयकर थोडेच लोक भरतात हे खरं, पण कर सगळेच भरतात. आबांनी पॉवर टिलरला घातलेल्या डिझेलवर अबकारी आणि विक्रीकर आहे, खतावर जीएसटी आहे, मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमच्या शेडमध्ये बिहारहून आलेला एखादा पोरगा असेल, तर त्याच्याही प्रत्येक रिचार्जमधून तेवढाच टक्का जातो. म्हणजे ‘आमच्या पैशावर’ म्हणणाऱ्यांमध्ये त्यालाही धरायला हवं.

फुकट मिळालं की लोक गैरफायदा घेतात, असंही भाऊ म्हणतात. तांदळाबद्दल, बसबद्दल यावर वाद घालता येईल. पण छातीचं हाड कापून घ्यायला हौसेनं कोण जाणार? उलट आपल्याकडचा अनुभव असा, की माणसं खर्चाच्या भीतीनं दवाखाना लांबणीवर टाकतात आणि मग शंभराच्या गोळीत भागलं असतं तिथं लाख मोजतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणं २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के भाग लोक थेट खिशातून भरत होते, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. उतरला हे चांगलंच, पण अजूनही पाचातले दोन रुपये आजारी माणसाच्या घरातूनच निघतात. त्यातले कितीतरी रुपये एखादं एकर विकून, दागिना गहाण टाकून उभे केलेले असतात.

बेळगावकरांना मी एक आठवण करून देईन. टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपोत आपण सकाळी चालायला जातो, तिथं देवीची लस तयार व्हायची. ती लस टोचताना कुणाचं उत्पन्न विचारलं नाही, वतनदाराच्या मुलालाही टोचली आणि सालगड्याच्या मुलालाही. गरीब-श्रीमंत न बघता दिली म्हणूनच देवीचा रोग गेला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो जगातून गेल्याचं जाहीर केलं. आबांच्या दंडावर तिचा वण असेल. सरकारनं सगळ्यांना आरोग्यसेवा द्यावी ही कल्पना आपल्याकडं काल-परवा आलेली नाही. भोर समितीनं १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहता कामा नये. थायलंड काही श्रीमंत देश नव्हता, तरी तिथं २००२ साली एका भेटीला ३० बाट एवढ्या नाममात्र शुल्कात सगळ्यांना सरकारी उपचार मिळायला लागले. आपण मात्र २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्च करू म्हणालो, आणि २०२१-२२ मध्ये १.८४ टक्क्यांवर होतो.

भावाची एक गोष्ट मात्र मी मनापासून मान्य करते. कर भरणाऱ्यानं पैसा कुठं जातो हे विचारलंच पाहिजे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मान भारत योजनेतले सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरावर नोंदलेले सापडले होते. कार्डावर उपचार आणि वर काउंटरच्या आड रोख रक्कम, असंही काही ठिकाणी चालतं. सरकार स्वतःचे दवाखाने दुबळे ठेवून खाजगी हॉस्पिटलची बिलं भरत राहिलं, तर पैसा जातो आणि गावात डॉक्टर येत नाही, ही तक्रार खरी आहे. पण त्यावरचा उपाय ‘ज्यानं त्यानं आपलं बघावं’ हा कसा असेल? सिव्हिलमध्ये, तालुक्याच्या दवाखान्यात, पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, औषधं आणि मशीन असावीत म्हणून आवाज उठवणं हा त्यावरचा उपाय आहे. आणि तो आवाज उठवणारे तुमच्या-माझ्यासारखे लोकच सिव्हिलची पायरी चढत नाहीत, हे माझ्या मते मोठं दुखणं आहे. ज्यांचं म्हणणं ऐकलं जातं ते रांगेतून निघून गेले की रांगेकडं बघायला कुणी उरत नाही. सगळ्यांसाठी एकच व्यवस्था असावी असं मला वाटतं ते एवढ्यासाठी, की शेठजीचा आणि हमालाचा वॉर्ड एकच असेल तर त्या वॉर्डातला पंखा बंद राहणार नाही. बायकांच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेत कंडक्टर बाईचं उत्पन्न विचारत नाही, कर्नाटकची रहिवासी आहे एवढंच बघतो. केंद्रानंही २०२४ च्या ऑक्टोबरात ७० वर्षांच्या आणि त्यावरच्या सगळ्यांसाठी उत्पन्नाची अट काढून पाच लाखांचं संरक्षण सुरू केलं. आबांना त्यासाठी चार वर्षं अवकाश आहे. ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे त्यांनी आपल्या जिल्ह्यात ते कसं लागू आहे याची दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाकडं, जरूर चौकशी करावी.

आबांकडं येते. त्यांच्या नकारामागं ताठ कणा आहे, त्याला धक्का न लावता बोला. ‘अहो, सगळेच घेतात’ असं त्यांना सांगू नका, त्यानं ते आणखी चिडतील. त्यांना पैऱ्याची आठवण करून द्या. भाताच्या लावणीला आज तुमच्या शेतात दहा माणसं, परवा तुम्ही त्यांच्या. कुणी त्याला फुकटची मजुरी म्हणत नाही, आणि ज्याच्या शेतात आधी लावणी झाली त्याची मान खाली जात नाही. आबांनी जन्मभर सरकारला कर दिला, पिकवलेलं भात लोकांनी खाल्लं, आता लावणी त्यांच्या शेतात आहे. मात्र पैऱ्यात आपली बैलजोडी लपवून ठेवत नाहीत, हेही त्यांना पटेल. म्हणून कार्ड खरं करून, जेवढं आपल्या वाट्याचं तेवढंच घेणार आहोत, असं सांगा. माझा अंदाज आहे की ते यावर तयार होतील. आणि एक एकर अजिबात विकू नका. खानापुरात विकलेली जमीन परत घेणं तुमच्या-आमच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही, आणि ‘माझं ऑपरेशन जमीन विकून झालं’ ही बोच घेऊन त्या माणसाला पुढची वीस वर्षं काढायला लावणं बरं नव्हे.

ताईंनी सुचवलेल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका. कोल्हापूरच्या पत्त्यावर आबांचं कार्ड करणं सरळ खोटं आहे, ते सोडून द्या. दुसरी गोष्ट नाजूक आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठीभाषक कुटुंबांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं त्याला कडाडून विरोध केला. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुमचं गाव यादीत असेल, अटींत तुम्ही खरेपणानं बसत असाल, आणि योजना प्रत्यक्षात मिळत असेल, तर ती घेण्यात मला काही गैर दिसत नाही. आजारी माणसानं दोन सरकारांच्या भांडणाचा भार का वाहावा? पण कोल्हापूरला जाण्याआधी तिथल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून आबांचं नाव चालतं का हे फोनवर पक्कं करून घ्या. आबांना घेऊन शंभरावर किलोमीटर गेल्यावर खिडकीवर ‘नाही’ ऐकायला मिळालं, असं व्हायला नको.

याच ठिकाणी मला मराठी वाचकांना एक अवघड गोष्ट सांगायची आहे. तुमच्या भिंतीला भिंत लागून कानडी बोलणारं घर असेल, त्या घरातल्या म्हाताऱ्यालाही हाच आजार असेल. भाषेमुळं एकाला उपचार आणि दुसऱ्याला नाही, हे आपल्या बाजूनं झालं तरी बरोबर ठरत नाही. आपली रास्त मागणी वेगळी आहे. पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात सरकारी माहिती, नियम, नोटिसा त्यांच्या भाषेत मिळाव्यात, हे अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणात आहे. दवाखान्यातला संमतीपत्राचा कागद कानडीत किंवा इंग्रजीत असतो आणि आबा त्यावर अंगठा किंवा सही करतील. सही करण्याआधी तो कागद मराठीतून वाचून, समजावून सांगायला लावा. काय कापणार, धोका किती, दुसरा पर्याय कोणता, हे त्यांना त्यांच्या भाषेत कळल्याशिवाय त्यांच्या सहीला अर्थ नाही. यासाठी भांडावं लागलं तर भांडा.

आता पुढच्या आठ-दहा दिवसांचं. अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट घेऊन दुसऱ्या एका हृदयतज्ज्ञांचं मत घ्या. बायपासच लागेल की स्टेंटवर भागेल, हे दोघांकडून ऐकलेलं बरं. त्याच आठवड्यात तहसीलदार कचेरीत जाऊन कार्ड एपीएल करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मग बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात, आरोग्यमित्राला भेटा. आबांचं आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. आपल्या राज्यातली आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना एपीएल कुटुंबालाही सोडत नाही. ठरलेल्या पॅकेज दराच्या ३० टक्के, वर्षाला कुटुंबामागं दीड लाखापर्यंत मदत मिळते. ठरवून करायच्या ऑपरेशनला आधी सरकारी दवाखान्यात दाखवावं लागतं, तिथं ती सोय नसेल तर ते योजनेतल्या हॉस्पिटलला रेफर करतात. तुम्हाला मिळालेला साडेतीन लाखांचा अंदाज खुल्या दराचा आहे. योजनेचा पॅकेज दर किती, त्यात आयसीयू, औषधं, तपासण्या धरल्या आहेत का, हे लेखी विचारा. आकडा बराच खाली येण्याची शक्यता आहे. कार्डाच्या पात्रतेबद्दल शंका असेल तर १४५५५ या नंबरावर विचारता येतं. प्रवास झेपणार असेल तर बेंगळूर किंवा कलबुर्गीचं जयदेव हृदयरोग संस्थेचं हॉस्पिटल ध्यानात ठेवा. ती राज्य सरकारची स्वायत्त संस्था आहे, आणि पैसे देणाऱ्यालाही तिथले दर परवडतात.

आबा गावच्या पीकेपीएसचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेचे, सभासद असतील तर यशस्विनी योजनेत त्यांचं नाव आहे का तेही बघा. २००३ पासूनची ही सहकारातली योजना मध्ये बंद पडली होती, नंतर पुन्हा सुरू झाली. सभासद वर्गणी भरतात आणि गरज पडेल त्याचे उपचार होतात. तिची नोंदणी ठरावीक मुदतीतच होते, त्यामुळं नाव आधीच नसेल तर या ऑपरेशनला उपयोग नाही, पण पुढच्या वर्षासाठी अख्ख्या घराची नावं घाला. स्वतःचा आणि वहिनींचा आरोग्यविमाही आत्ताच काढा. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरात गेला आहे, आणि आधीच असलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून तब्येत धड असतानाच काढलेला बरा.

निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाडकडच्या वाचकांसाठी: तुम्ही आजारपणात कोल्हापूर-मिरजेची वाट धरता हे मला माहीत आहे. वान्लेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून या भागातली माणसं तिकडं जातात. जा, पण कर्नाटकातलं कार्ड तिथं चालेल हे गृहीत धरू नका. काहींचं चालतं, काहींचं नाही. निघण्याआधी फोन करा आणि माणसाचं नाव विचारून ठेवा.

ऑपरेशननंतरचा खर्च बहुतेक घरं मोजतच नाहीत. योजनेत डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांपर्यंतची औषधं येतात, पण रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची गोळी जन्मभर असते. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात विचारा, महिन्याच्या बिलात मोठा फरक पडतो. रक्तदाब-मधुमेहाच्या काही गोळ्या पीएचसीतही मोफत मिळतात. गावातल्या आशाताईंना विचारा, त्यांना कुठं काय शिल्लक आहे ते पक्कं माहीत असतं. आणि खरंच, त्या पीएचसीत जाऊ लागा. साधा ताप-खोकला असला तरी तिथं जा, डॉक्टर नसतील तर पंचायतीत विचारा. वर्कशॉप चालवणारा माणूस विचारतो तेव्हा उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या सहा कामगारांचा पत्रात एकदाच उल्लेख आहे. दहापेक्षा कमी माणसं असल्यानं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तुम्हाला सक्तीचा नाही. मग त्यांच्यातल्या कुणाचा हात लेथमध्ये गेला तर काय करणार आहात? प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दोन लाख मिळतात. तो सहा जणांचा तुम्ही भरा. बाहेरून आलेल्यांची आयुष्मान कार्डं त्यांच्या राज्यात निघाली आहेत का तेही बघा. सगळ्यांना उपचार मिळावेत की नाही, असं तुम्ही मला विचारलंत. तुमच्या शेडमधल्या सहा जणांपुरतं त्याचं उत्तर तुमच्या हातात आहे.

आणि रक्त. बायपासला हॉस्पिटल रक्तदाते मागतं, ते आदल्या दिवशी धावाधाव करून मिळत नाहीत. आबांचा रक्तगट आजच विचारून घ्या, गावातल्या तरण्या पोरांना आधी सांगून ठेवा, आणि पुण्याच्या भावाला सुट्टी काढून यायला सांगा. त्यांनी आबांसाठी दिलेली बाटली रक्तपेढीतून कदाचित दुसऱ्याच कुणाला जाईल आणि आबांना कुणा अनोळखी माणसाची मिळेल, हेही त्यांना आधीच सांगा.